छोटा, जुना, धूसर फोटो मोठा करून छापताना

पाकिटात मावेल एवढा जुना फोटो भिंतीवर लावण्याइतका मोठा करावासा वाटतो, तेव्हा त्यामागे बहुधा एकच कारण असतं. त्या माणसाचा दुसरा फोटोच नसतो. कोपरे दुमडलेले, मधोमध घडी पडलेली, चेहरा जेमतेम नखाएवढा, आणि तरी तोच एक शिल्लक. हा लेख अशा फोटोंसाठी आहे, आणि ज्यांनी हे काम यापूर्वी कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. एक संगणक, शक्य असल्यास एक स्कॅनर आणि गिंपसारखं (GIMP) मोफत मिळणारं फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं. फोटोशॉप असेल तर तेही चालेल, पायऱ्या त्याच.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. फोटो थोडा धूसर राहिला तर चालेल, मागच्या पडद्यावर एखादा डाग राहिला तरी चालेल, चेहरा मात्र त्याच माणसाचा राहिला पाहिजे. आजची साधनं चेहरा इतक्या सहज गुळगुळीत आणि टवटवीत करून देतात की तो दुसऱ्याच कुणाचा झालाय हे मोठी प्रत हातात आल्यावर लक्षात येतं. पुढे जिथे जिथे ‘हे करू की नको’ असा प्रश्न पडेल, तिथे हाच निकष लावा.

सगळ्यात चांगली मूळ प्रत शोधा

संगणकापुढे बसण्याआधी घरात आणि नातेवाइकांकडे शोधाशोध करा. याने जेवढा फरक पडतो तेवढा पुढच्या कुठल्याही करामतीने पडत नाही. निगेटिव्ह सापडली तर उत्तमच, कारण कागदावर उतरतो त्याहून कितीतरी जास्त तपशील निगेटिव्हमध्ये असतो. अगदी उजळ आणि अगदी गडद भागांतलं जे कागदावर हरवलेलं असतं, तेही तिथे सापडतं. निगेटिव्ह नसेल तर कागदाची मूळ प्रत. मोबाइलवरून फिरत फिरत आलेली प्रत हा शेवटचा पर्याय समजा. मेसेजिंग अ‍ॅप फोटो पाठवताना तो लहान करतं आणि दाबतं, आणि गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून पाठवणाऱ्याला तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगा. मूळ कागद त्यांच्याकडे असेल तर तो दोन दिवसांसाठी मागून घेणं सगळ्यात चांगलं.

एकाच फोटोच्या दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही स्कॅन करा. एकीवर जिथे डाग आहे तिथे दुसरी स्वच्छ असू शकते, आणि तेवढा तुकडा उचलून पहिलीवर बसवता येतो. तो तुकडा खरा असतो, अंदाजाने भरलेला नसतो.

लहान फोटोत तपशील कमीच असणार असं धरून चालू नका. जुन्या बॉक्स कॅमेऱ्यांत मोठ्या आकाराची फिल्म असे, ६×६ किंवा ६×९ सेंटिमीटरची. त्या निगेटिव्हवर थेट कागद ठेवून तेवढ्याच मापाची प्रत काढत. तिला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. अशी प्रत दिसायला चिमुकली असते, पण भिंगाखाली धरली तर कधी कधी शर्टाची शिवणसुद्धा दिसते. म्हणून आधी भिंग घ्या आणि चेहरा बघा. पापण्या वेगळ्या दिसतात का? बुबुळात उजेडाचा ठिपका आहे का? भिंगातून जे दिसतं ते स्कॅनमध्ये आणता येतं. भिंगातूनही जे दिसत नाही, ते त्या कागदावर नाहीच.

फोटो हाताळताना

धूळ हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने उडवा, मग मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. पाणी, ओला कपडा, साबण, काच पुसायचं औषध यांतलं काहीही फोटोला लावू नका. प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते, तो ओलाव्याने फुगतो आणि सुटू शकतो. फाटलेले तुकडे चिकटपट्टीने जोडू नका, ते स्कॅनरच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवा आणि संगणकावर जुळवा. गुंडाळी झालेला फोटो जोर लावून सपाट केला तर वरचा थर तडकतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोलायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. चिकट पानांच्या अल्बममधूनही ओढून काढू नका. निघत नसेल तर अख्खं पान स्कॅनरवर ठेवा.

आणि मागची बाजूही स्कॅन करा. तारीख, स्टुडिओचा शिक्का, कुणाच्या हातची दोन अक्षरं, हे सगळं पुढे ओळख पटवायला लागतं.

स्कॅन

फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर तोच वापरा. काच आधी पुसून घ्या, आणि द्रव काचेवर न फवारता कपड्यावर घ्या. मग स्कॅनरच्या सेटिंगमध्ये जा, कारण तिथल्या बहुतेक सोयी कार्यालयीन कागदपत्रांच्या हिशेबाने लावलेल्या असतात.

फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत स्कॅन करा. कारण पुढे डाग काढताना कळेल. शक्य असेल तर छटा जास्त बारकाईने नोंदवणारा ४८ बिट रंग निवडा आणि फाइल टिफ स्वरूपात साठवा, जेपेगमध्ये नको, कारण ते फाइल दाबताना तपशील गमावतं. धार वाढवणे, धूळ काढणे, रंग सुधारणे असे सगळे आपोआप चालणारे पर्याय बंद करा. ही कामं आपण नंतर नजरेखाली करणार आहोत. इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखण्याची सोय कृष्णधवल निगेटिव्हला तर अजिबात लावू नका. त्या निगेटिव्हमधली चांदी इन्फ्रारेड अडवते, आणि यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसत सुटतं.

रेझोल्यूशनचा, म्हणजे स्कॅनरने इंचाला किती ठिपके (डीपीआय) टिपायचे याचा, गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदी फोटोला ६०० डीपीआय पुरे. पासपोर्ट फोटो किंवा कॉन्टॅक्ट प्रिंट असेल तर १२००. कागदावरच्या फोटोत याहून बारीक तपशील क्वचितच असतो, त्यामुळे ४८०० निवडून फक्त कागदाचे धागे आणि भलीमोठी फाइल हाती येते. निगेटिव्हची गोष्ट निराळी. ती २४०० ते ३२०० वर स्कॅन करा, आणि त्यासाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. स्कॅनरच्या खोक्यावर दोन आकडे असतील तर ऑप्टिकल हा खरा, इंटरपोलेटेड हा नुसता फुगवलेला.

खरखरीत, जाळीदार किंवा रेशमी पोताच्या कागदावरचे फोटो सगळ्यात जास्त त्रास देतात. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो, त्यामुळे पोताच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि चेहऱ्यावर ठिपक्यांची जाळी उमटते. यावर एक साधा, खात्रीचा उपाय आहे. फोटो एकदा सरळ स्कॅन करा, मग १८० अंशांत फिरवून पुन्हा करा. संगणकावर दुसरी प्रत उलटी फिरवा, पहिलीच्या वरच्या लेयरमध्ये (लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागदासारखा थर) ठेवा आणि तिचा मोड, म्हणजे खालच्या लेयरमध्ये मिसळायची पद्धत, ‘डिफरन्स’ करून हळूहळू सरकवा. दोन्ही जुळल्या की चित्र जवळजवळ काळं दिसतं. मग मोड पुन्हा ‘नॉर्मल’ करा आणि वरच्या लेयरची अपारदर्शकता (ओपॅसिटी) ५० टक्के ठेवा. सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात, चेहरा शिल्लक राहतो. जाळी दाट असेल तर चारही दिशांनी स्कॅन करा, आणि खालून वर लेयरची अपारदर्शकता १००, ५०, ३३, २५ अशी ठेवा, म्हणजे चौघांची बरोबर सरासरी निघते. याला वेळ लागतो, पण पोत पुसणाऱ्या कुठल्याही फिल्टरपेक्षा तपशील जास्त वाचतो.

स्कॅनर नसेल तर मोबाइलनेही बऱ्यापैकी काम होतं. खिडकीशेजारी, थेट ऊन नसेल अशा जागी फोटो सपाट ठेवा. फ्लॅश बंद. मोबाइल फोटोला अगदी समांतर धरा, किंवा त्याहून बरं म्हणजे कशावर तरी टेकवून टायमर लावा. फार जवळ जाऊ नका, नाहीतर कडा वाकड्या येतात आणि मोबाइलची सावली पडते. चकाकणाऱ्या फोटोच्या गडद भागात खोलीचं प्रतिबिंब दिसत असेल तर मोबाइलच्या मागे काळं कापड धरा, लेन्सपुरतं भोक ठेवून. ‘ब्युटी’ वगैरे सोयी बंद आहेत ना, हे बघून घ्या.

किती मोठा छापता येईल?

साधारण डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक कळतो. हातात धरून, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरवरून बघताना हे इंचाला जवळजवळ ३०० पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) होतात. छपाईत सगळीकडे ऐकू येणारा ३०० चा आकडा या अंतराला बरोबर बसतो. एक मीटरवरून बघायच्या फोटोला इंचाला नव्वदच्या आसपास पुरतात. म्हणून अल्बमसाठी ३००, टेबलावरच्या फ्रेमसाठी २००, आणि भिंतीवरच्या मोठ्या फोटोसाठी १५० धरलं तर चालतं.

आता हिशेब करा. ३५×४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो १२०० वर स्कॅन केला की साधारण १६५०×२१२५ पिक्सेल मिळतात. ३०० ने भागलं तर साडेपाच बाय सात इंच, २०० ने भागलं तर आठ बाय साडेदहा. म्हणजे स्कॅन नीट असेल तर ८×१० ची फ्रेम कुठल्याही जादूशिवाय आवाक्यात येते.

पण पिक्सेल आहेत म्हणजे तपशील आहे असं नाही. अस्पष्ट फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो, आत मात्र ८०० पिक्सेलचाच ऐवज असतो. खरा ऐवज किती आहे हे तपासायला एक चाचणी करा. फाइलची एक प्रत घ्या, ती निम्म्या मापाची करा, मग पुन्हा मूळ मापाची करा आणि चेहरा मूळ फाइलशी ताडून बघा. काहीच फरक दिसत नसेल तर निम्मे पिक्सेल रिकामेच होते. मग पाव मापाने हेच करा. जिथे फरक दिसू लागतो, त्याच्या अलीकडचं माप हे त्या फोटोचं खरं माप. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुरुस्ती, पण मोठा करण्याआधी

ओरखडे आणि डाग आधी काढायचे, फोटो नंतर मोठा करायचा. उलट केलं तर मोठं करणारं सॉफ्टवेअर ओरखड्यालाही तपशील समजतं, आणि गालावरची चीर छान धारदार करून देतं.

मूळ स्कॅनला हात लावू नका, त्याची प्रत घेऊन काम करा. प्रत सरळ करून घ्या, कडा छाटा.

फोटो कृष्णधवल असेल आणि पिवळा-तपकिरी पडला असेल, तर रंगीत स्कॅनचा फायदा आता होतो. गिंपमध्ये ‘डीकंपोज’ वापरून लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल वेगळे करा आणि एकेक बघा. पिवळे डाग निळा प्रकाश शोषतात, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये ते काळेकुट्ट दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये बऱ्याचदा जवळपास नाहीसे होतात. लाल चॅनेल एकटा उचला आणि त्यालाच आपला कृष्णधवल फोटो माना. तासाभराचं डाग पुसणं वाचतं. उलट, कुणी निळ्या शाईने काही लिहिलं असेल तर निळा चॅनेल बघा, शाई तिथे फिकी दिसते.

मग उजेड-काळोख. जुना फोटो विटतो तेव्हा त्यात खरा काळा राहत नाही आणि खरा पांढराही राहत नाही, सगळं मधल्या राखाडीत गोळा होतं. ‘लेव्हल्स’ उघडा. तिथल्या आलेखात फोटोतल्या छटा डावीकडे गडद, उजवीकडे उजळ अशा मांडलेल्या असतात. आलेखाचा डोंगर जिथे सुरू होतो तिथपर्यंत डावं टोक आणा, संपतो तिथपर्यंत उजवं. दोन्हीकडे थोडी जागा सोडा, अगदी चिकटवू नका. कपाळावरचा उजळ भाग सपाट पांढरा झाला तर कपाळाची गोलाईच जाते.

रंगीत फोटो लालसर झाला असेल तर त्याचं कारण रसायनात आहे. अशा छापील फोटोंत निळसर, गुलाबी आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात, आणि ते सारख्या वेगाने विटत नाहीत. १९७० च्या दशकातल्या बऱ्याच कागदांवर निळसर थर आधी गेला, अल्बममध्ये अंधारात ठेवलेले असूनही, आणि मागे लाली उरली. उपाय असा की लेव्हल्स सगळ्यांना एकत्र न लावता लाल, हिरवा, निळा असे एकेक घेऊन प्रत्येकाची टोकं वेगळी जुळवायची. बहुतेक वेळा एवढ्याने त्वचेचा रंग माणसात येतो. एखादा थर पुरता गेला असेल आणि रंग काही केल्या जुळत नसतील, तर तो फोटो कृष्णधवल छापा. अर्धवट जुळलेल्या रंगापेक्षा तो कितीतरी चांगला दिसतो.

आता ओरखडे. ‘हील’ ब्रश आजूबाजूचा पोत घेऊन छटा जुळवतो, ‘क्लोन’ ब्रश जसाच्या तसा तुकडा उचलतो. पडदा, आकाश, गाल यांसाठी हील. पण जिथे दोन छटांची कड आहे, म्हणजे कॉलर आणि मान, केस आणि कपाळ, तिथे हील फासतो, तिथे क्लोन घ्या. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा ठेवा. लांब फटकारे न मारता टिचक्या मारल्यासारखं काम करा, आणि नमुना दर काही टिचक्यांनी नव्या जागेवरून उचला, नाहीतर तोच तो ठिपका ओळीने दिसू लागतो. हे सगळं नव्या रिकाम्या लेयरवर करा म्हणजे चुकलं तर तेवढंच पुसता येतं. १०० टक्के मापावर बघून काम करा आणि मधून मधून संपूर्ण फोटो बघा.

चेहऱ्यावर हात फिरवताना फार जपा. हा काळा ठिपका धूळ आहे की तीळ? भुवईतली ही रेघ ओरखडा आहे की जुना व्रण? त्या माणसाला पाहिलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा. डोळ्यांखालची वळी, कपाळावरच्या आठ्या, किंचित वाकडा दात, माणूस ओळखू येतो तो यांवरूनच.

डोळ्यावरून किंवा ओठांवरून चीर गेली असेल तर दुसऱ्या बाजूचा डोळा उलटा करून बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. कुणाचाही चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो, आणि प्रकाशही दोन्हीकडे सारखा पडलेला नसतो. त्याच माणसाचा साधारण त्याच वयाचा आणि त्याच कोनातला दुसरा फोटो असेल तर त्यावरून आधार घ्या. नसेल तर चीर शक्य तेवढी फिकी करा आणि थांबा. बारीक रेघ राहिलेला खरा डोळा बरा. मागचा पडदा, बाही, खुर्ची यांच्या बाबतीत मात्र मोकळेपणाने भराभर करा, तिथे कुणाचं काही बिघडत नाही.

मोठा करणे

मोठा करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुनी तऱ्हा गणिताची. शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल काढायचे, ज्याला बायक्यूबिक, लांझोस अशी नावं आहेत. यात नवीन काही येत नाही, चित्र मऊ पडतं, पण खोटं काही शिरत नाही. नवी तऱ्हा न्यूरल नेटवर्कची. असंख्य चांगली चित्रं मुद्दाम खराब करून त्यांवरून मूळ चित्र ओळखायला शिकवलेली ही मॉडेल असतात. २०२१ मध्ये आलेलं रिअल-ईएसआरगॅन त्यांपैकी एक. अपस्केल (Upscayl) हे मोफत सॉफ्टवेअर अशीच मॉडेल तुमच्या स्वतःच्या संगणकावर चालवतं, त्यामुळे घरचे फोटो कुठल्या अनोळखी संकेतस्थळावर चढवावे लागत नाहीत. माझ्या मते हे कारणच ते वापरायला पुरेसं आहे. फोटोशॉपमधली ‘सुपर रेझोल्यूशन’ ही सोयही याच तऱ्हेची, ती लांबी-रुंदी दुप्पट करते.

ही मॉडेल चालवण्याआधी मघाशी लिहून ठेवलेला आकडा काढा आणि फोटो आधी त्याच्या खऱ्या मापावर लहान करा. मोठा करायचा म्हणून आधी लहान करायचा, हे विचित्र वाटेल. पण धूसर, फुगलेल्या फाइलमध्ये या मॉडेलला धार कुठे आहे ते सापडत नाही, आणि ते धूसरपणाच मोठा करून देतं. ८०० पिक्सेलचा ऐवज ८०० पिक्सेलांतच दिला की निकाल पुष्कळ सुधारतो. एकदाच मोठा करा. निकाल पुन्हा त्याच यंत्रातून काढला की कातडी मेणासारखी दिसायला लागते. चौपट फार होत असेल तर चौपट करून नंतर हव्या मापावर आणा.

चेहऱ्यासाठी वेगळी मॉडेल आहेत. २०२१ चं जीएफपीगॅन आणि २०२२ चं कोडफॉर्मर ही त्यातली परिचित नावं. पुष्कळ ‘एका क्लिकमध्ये चेहरा स्पष्ट करा’ अ‍ॅप याच जातीचे. ती कशी चालतात हे समजून घेतलंत तर ती कधी वापरायची हे आपोआप कळेल. इंटरनेटवरून गोळा केलेल्या ७०,००० स्वच्छ, मोठ्या चेहऱ्यांच्या संग्रहावर ही दोन्ही शिकली आहेत. तुमच्या धूसर फोटोत डोळा नीट दिसत नसेल तेव्हा ती शिकलेल्या डोळ्यांतून तिथे शोभेल असा एक डोळा बसवतात. तो सुंदर असतो, पण तुमच्या आजीचा नसतो. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी पल्स नावाचं असंच साधन मांडलं. त्यात बराक ओबामांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो घातला तेव्हा बाहेर एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ चेहरा आला, आणि त्यावर मोठी चर्चा झाली. ज्याचा चेहरा जगाला पाठ आहे त्याची चूक लगेच दिसली. तुमच्या पणजोबांचा चेहरा पाठ असलेली माणसं दोन-तीनच असतील, आणि काही वर्षांनी हा छापलेला फोटोच त्यांचा चेहरा ठरेल.

म्हणून माझी पद्धत सांगतो. फोटो तीन प्रकारे मोठा करा: साध्या लांझोसने, साध्या (रिअल-ईएसआरगॅनसारख्या) मॉडेलने, आणि चेहऱ्याच्या मॉडेलने. तिघेही एकाच मापावर आणून एकावर एक लेयर ठेवा, लांझोस सगळ्यात खाली. साध्या मॉडेलचा लेयर कपड्यांवर आणि मागच्या भागावर पूर्ण राहू द्या, चेहऱ्यावर मास्क (लेयरचा हवा तेवढाच भाग झाकणारा पडदा) लावून तो निम्म्यावर आणा. चेहऱ्याच्या मॉडेलचा लेयर २० ते ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि तोही केसांची कड, भुवया, कॉलर एवढ्यापुरता. डोळे आणि ओठ यांच्यावरून तो शक्यतो पुसून टाका. कोडफॉर्मरमध्ये मूळ चेहऱ्याशी किती इमान राखायचं याची ० ते १ अशी पट्टी असते, ती १ कडे ठेवा. मग वरचे लेयर डोळ्यांच्या चिन्हाने बंद-चालू करत बघा. नजर कुठे वळली आहे ती बदलते का? हसू वाढतं का? वय उतरतं का? यांतलं काहीही झालं तर अपारदर्शकता आणखी कमी करा.

चेहरा संपला की दात, कान, चष्म्याची काडी, बोटं, कापडावरचं नक्षीकाम आणि मागची अक्षरं तपासा. मॉडेल गडबड करतात ती याच जागी. पाटीवरची अक्षरं तर ती हटकून कुठल्याच लिपीत नसलेली करून टाकतात. तिथे खालचा लांझोस लेयर उघडा करा.

ज्यांच्याकडे फक्त लहानशी जेपेग फाइल आहे त्यांनी एक पायरी आधी घ्यावी. जेपेग चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन करून ते दाबतं, आणि जास्त दाबलं की हे चौकोन गालावर आणि मागच्या भिंतीवर दिसू लागतात. मोठं करण्याआधी हलका ‘नॉइज रिडक्शन’ लावून ते बसवा. वर्तमानपत्रातलं किंवा पुस्तकातलं छायाचित्र असेल तर ते ठिपक्यांचंच बनलेलं असतं. ते १२०० वर स्कॅन करा, ठिपके एकमेकांत मिसळतील एवढंच धूसर करा, आणि मग माप कमी करा.

कृष्णधवल फोटोला आपोआप रंग भरण्याच्या सोयीविषयी थोडंसं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल कापड फोटोत जवळजवळ काळं येई. यंत्र त्या काळ्यावरून लाल ओळखू शकत नाही. भरलेले रंग नुसते अंदाज असतात. भरायचेच असतील तर ती वेगळी प्रत ठेवा आणि तिच्या नावात तसं लिहा.

धार आणि कण

मोठं करून झाल्यावर छपाईच्या अंतिम मापावर आणा आणि मगच धार वाढवा. गिंपच्या ‘अनशार्प मास्क’मध्ये त्रिज्या १ ते १.५ आणि प्रमाण ०.५ पासून सुरू करा. कडेने पांढरी रेघ दिसू लागली की जास्त झालं. कागदावर शाई थोडी पसरते म्हणून पडद्यावर किंचित जास्त वाटेल एवढी धार छापताना बरोबर येते.

त्यानंतर फोटोत थोडे कण मुद्दाम घाला. दुरुस्त केलेला गाल गुळगुळीत आणि शेजारची मान कणीदार असली की ठिगळ लगेच दिसतं. सर्वांत वर ५० टक्के राखाडी रंगाचा लेयर घ्या, मोड ‘ओव्हरले’ किंवा ‘सॉफ्ट लाइट’ करा आणि त्यात एकरंगी ‘नॉइज’ घाला. जेमतेम जाणवेल एवढाच. खरा भाग आणि भरलेला भाग एकाच कागदावरचे वाटू लागतात, आणि फोटो आहे त्याहून स्पष्ट भासतो.

छापायला देताना

मापाचं प्रमाण आधी जुळवा. ६×९ सेंटिमीटरची कॉन्टॅक्ट प्रिंट ४×६ किंवा ८×१२ इंचात नेमकी बसते. पासपोर्ट फोटो ८×१० च्या जवळ जातो. चौकोनी ६×६ ला चौकोनी छापा, किंवा आडव्या-उभ्या कागदावर पांढरी जागा सोडून छापा. आयताकृती करण्यासाठी कुणाचा खांदा कापू नका. छपाईत कडेचे दोन-तीन मिलिमीटर छाटले जातात, तेवढी मोकळी जागा चारही बाजूंनी ठेवा.

छापायच्या फाइलसाठी एसआरजीबी (sRGB) रंगव्यवस्था आणि जास्तीत जास्त दर्जाचं जेपेग चालतं. छापणाऱ्याला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं स्पष्ट सांगा. त्यांचं यंत्र फिक्या जुन्या फोटोला बिघडलेला समजून भडक करतं. कागद मॅट (बिनचमकीचा) किंवा लस्टर (मंद चमकीचा) घ्या. ग्लॉसी कागदावर प्रत्येक ठिगळ चमकून दिसतं.

मोठी प्रत देण्याआधी एक चाचणी प्रत काढाच. संपूर्ण फोटो लहान करून नव्हे. अंतिम फाइलमधून चेहऱ्याचा ४×६ इंचाचा तुकडा कापा, ३०० च्या हिशेबाने तो १२००×१८०० पिक्सेलचा होईल, १५० च्या हिशेबाने ६००×९०० चा, आणि तेवढाच ४×६ च्या कागदावर छापा. मोठ्या प्रतीत चेहरा नेमका कसा येणार हे तुमच्या हातात येतं. तो तुकडा फ्रेम लागणार आहे त्या जागी, तिथल्या उजेडात, तेवढ्याच अंतरावरून बघा. प्रत पडद्यापेक्षा काळपट आली असेल, आणि बहुधा येतेच, तर दोष बऱ्याचदा पडद्याच्या जास्त उजेडाचा असतो. पडद्यावरचा कोरा पांढरा आणि शेजारी धरलेला कागद सारखे दिसतील इतका पडद्याचा उजेड कमी करा, फोटो त्यावर पुन्हा जुळवा, आणि दुसरी चाचणी काढा. ही प्रत त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी काही न सांगता दाखवा. ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ असं उत्तर आलं तर चेहऱ्यावरचे लेयर पुन्हा उघडा.

मूळ प्रत आणि फाइल

भिंतीवर नवी प्रत लावा, मूळ फोटो उजेडापासून दूर, कोरड्या जागी ठेवा. त्याला आम्लरहित कागदाचं पाकीट किंवा पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीनचं कव्हर चालतं. पीव्हीसीचं मऊ, वास येणारं प्लास्टिक नको, ते फोटोला चिकटतं. मूळ स्कॅनची टिफ, लेयर असलेली कामाची फाइल आणि छापायची जेपेग, तिन्ही जपा. त्यांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. पाच-दहा वर्षांनी साधनं सुधारतील, तेव्हा काम पुन्हा मूळ स्कॅनपासूनच सुरू करावं लागेल.

फाइलच्या नावात माणसांची नावं फोटोतल्या डावीकडून उजवीकडे या क्रमाने लिहा, शिवाय ठाऊक असेल ते वर्ष आणि जागाही. नव्या प्रतीच्या मागेही हेच लिहा, आणि ‘दुरुस्त केलेली प्रत’ असं नोंदवा. कुठला भाग नव्याने भरला आहे तेही दोन शब्दांत लिहून ठेवा. मूळ फोटोच्या मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला, थेट चेहऱ्यावर उमटतो.